महाड-पोलादपूर : पाण्याच्या वाटेनं दोन दिवस

मुंबई-गोवा महामार्गावरून तळकोकणात जाणारी गाडी महाडला थांबते ती चहापुरती. रायगडावर निघालेली मंडळी फाट्यावरूनच वळतात आणि संध्याकाळी परत फिरतात. महाबळेश्वरला जाणारे पोलादपूरला टायरची हवा बघून घाटाला लागतात. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आहे. या लेखातून मला एवढंच आग्रहानं सांगायचं आहे, की एकदा मुक्काम धरून या. दोन दिवस काढा, आणि हा मुलूख पाण्याच्या वाटेनं बघा. इथला इतिहास तळ्याच्या पायरीवर, लेण्यातल्या टाक्यावर, नदीच्या काठावर आणि गडावरच्या तलावापाशी घडलेला आहे. पाण्याचा माग धरला, की विखुरलेली वाटणारी ठिकाणं आपसूक जोडली जातात.

समुद्र दिसत नाही, पण भरती येते

महाडला समुद्रकिनारा नाही, तरी हे जुनं बंदराचं गाव आहे. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्रीसोबत पाचवी सावित्री मानली जाते. कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेच्या वाटेला लागतात. सावित्री मात्र पश्चिमेला झेप घेते, पोलादपूरच्या खोऱ्यातून महाडला येते, इथं गांधारीला पोटात घेते आणि पुढं बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. खाडीची भरती पार आतपर्यंत चढते. घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रातून येणारा माल एकमेकांना भेटायचा तो याच पट्ट्यात, महाड आणि दासगावच्या धक्क्यांवर.

त्या बंदराची खूण आजही गावात सापडते. बाजारपेठेच्या बाजूला ‘सुकट गल्ली’ आहे, नदीकडं ‘भोई घाट’ आहे. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावात सुकटीच्या नावाची गल्ली का, हा प्रश्न सोबतच्या मुलांना विचारा. उत्तर शोधता शोधता त्यांना खाडी, भरती आणि जुना व्यापार हे सगळं समजेल.

कधी जावं

पहिल्यांदा जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. डोंगर अजून हिरवट असतात, सकाळी गारवा असतो, लेण्यांच्या आणि गडाच्या पायऱ्या चढताना दम कमी लागतो. मार्चनंतर हवा दमट होते आणि कातळ तापतो. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर चढाईची ठिकाणं सकाळी दहाच्या आत उरकावीत.

काही तारखा आधी ठाऊक असू द्या. २० मार्चला चवदार तळ्यावर आणि २५ डिसेंबरला क्रांतिस्तंभावर राज्यभरातून माणसं येतात. ६ जूनला, तसंच ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा असतो. महाशिवरात्रीच्या सुमारास ग्रामदैवत वीरेश्वराचा उत्सव असतो. त्यातल्या छबिन्याला आसपासच्या गावांतल्या देवांच्या पालख्या आणि सासणकाठ्या महाडात येतात. हे सोहळे अनुभवायचे असतील तर जरूर या, पण राहण्याची सोय आधी करा आणि गाडी लांब ठेवून चालायची तयारी ठेवा. शांतपणे बघायचं असेल तर हे दिवस टाळा.

कसं पोचावं

मुंबईहून महाड साधारण १७० किलोमीटरवर आहे. मुंबई, पनवेल, पुणे इथून एसटी मिळते आणि महाडला एसटीचं आगार आहे. कोकण रेल्वेचं जवळचं स्टेशन वीर. तिथं बहुतेक वेगवान गाड्या थांबत नाहीत, पॅसेंजर थांबते. म्हणून वेळापत्रक बघूनच बेत करा. माणगावला उतरून एसटीनं येणंही सोयीचं पडतं. पुण्याहून ताम्हिणीचा रस्ता आहे, भोरकडून वरंधा घाटाचा आहे. वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी कराच.

स्वतःची गाडी नसेल तर महाडहून रायगड, पाचाड, शिवथरघळ, पोलादपूर इकडं एसटी आणि खासगी रिक्षा-जीप मिळतात. खेड्याकडं जाणाऱ्या एसटीतून उतरताना वाहकाला परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे विचारून ठेवा. ती चुकली तर अंधारात अडकायला होतं.

पहिला दिवस, सकाळ : चवदार तळं

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत तळ्यावर जा. भोवती गाव जागं होत असतं, तळ्याचं पाणी स्थिर असतं. घाटाच्या पायऱ्यांवर बसायला जागा आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. फोटो काढायची घाई करू नका. आधी दहा मिनिटं नुसते बसा आणि इथं काय झालं ते आठवा. सोबत मुलं असतील तर त्यांना क्रमानं सांगा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं, पण प्रत्यक्षात अस्पृश्यांपैकी कुणाची पाण्याला हात लावायची हिंमत नव्हती. जनावरं त्या पाण्यावर येत होती, या माणसांना मात्र मज्जाव होता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी परिषदेतून मिरवणूक निघाली, रांगेनं, शिस्तीत, तळ्यापर्यंत आली. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं. त्यांच्यामागून हजारोंनी घेतलं. अनंत विनायक चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण समाजातली माणसं या लढ्यात बाबासाहेबांबरोबर होती, हेही मुलांना सांगा. त्यानंतर थोड्याच वेळात, ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवली गेली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. पुढं तळ्यातून घागरी उपसून, शेण-गोमूत्र घालून पाण्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावही मागं घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मुंबईहून येणाऱ्यांनी समुद्राची वाट धरली. बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीनं निघाले, खाडीतून दासगावला आले आणि तिथून सत्याग्रहींबरोबर मिरवणुकीनं महाडपर्यंत चालत आले. कोर्टानं तात्पुरती मनाई केली होती, म्हणून तळ्यावर जाणं तहकूब झालं. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मात्र परिषदेच्या मंडपासमोर मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला जागा मिळत नव्हती तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली होती. तळ्याचा खटला चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं दिला. एका ओंजळीपासून या निकालापर्यंत दहा वर्षं गेली.

मी तळ्यावर बसलो असताना एक आजी आल्या. पायऱ्यांच्या वर चपला काढल्या, गुडघ्यावर हात टेकत टेकत शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या. पाण्यात बोटं बुडवली, ती डोळ्यांना लावली, मग सोबतच्या नातवाच्या कपाळाला लावली. एक शब्द बोलल्या नाहीत. नातू मात्र त्यांच्याकडं बघत राहिला. तळ्यावर कसं वागावं हे त्या आजींकडून शिकावं. मोठ्यानं गाणी लावू नका, पाण्यात बाटल्या किंवा निर्माल्य टाकू नका, पायरीवर बसून खाऊची पाकिटं फोडू नका.

पहिला दिवस : गाव पायी बघा

तळ्याहून वीरेश्वराच्या देवळाकडं चालत जा. देवळाची शांतता अनुभवा, आणि १९२७ च्या आवईत याच देवळाचं नाव कसं ओढलं गेलं तेही आठवा. तिथून क्रांतिस्तंभ गाठा. मनुस्मृती दहनाची ही जागा. बाबासाहेबांच्या नावाचं राष्ट्रीय स्मारक गावातच आहे, तेही बघून घ्या.

ही पायपीट फार मोठी नाही. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनाही मधे मधे टेकत जमेल, कारण चढ-उतार जवळजवळ नाही. वाटेत बाजारपेठेतून जा. जुन्या कौलारू घरांच्या ओसऱ्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी बांधणी अजून इथं दिसते. दुकानदाराला विचारलं, की २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं, तर तो भिंतीवर हात टेकवून दाखवतो. तो हात डोक्याच्या वर असतो.

महाड तालुक्यातलं आणखी एक नाव लक्षात ठेवा : रावढळ. गोपाळबाबा वलंगकर या गावचे. सैन्यातून निवृत्त होऊन परतल्यावर त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेचा शास्त्राधार विचारला. चवदार तळ्याची ओंजळ या मातीत एकाएकी उगवलेली नाही. तिच्या आधी चाळीस वर्षं इथं प्रश्न विचारायला सुरुवात झाली होती.

पहिला दिवस, दुपार : गांधारपाले लेणी

जेवून थोडं टेका आणि उन्हं कलल्यावर गांधारपाले गाठा. महाडच्या उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर, महामार्गालगतच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. गावातले लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पायथ्यापासून पायऱ्या आहेत, लहान मुलंही चढतात. वर तीसेक लेणी आहेत : विहार, चैत्यगृहं, भिक्षूंच्या ओवऱ्या, आत कोरलेले दगडी ओटे. मोठ्या विहाराच्या मागच्या भिंतीत बुद्धमूर्ती आहे.

इथं एक ब्राह्मी शिलालेख आहे. कानभोज विष्णुपालित या राजकुमारानं लेणं, चैत्यगृह आणि आठ ओवऱ्या दान दिल्या, शिवाय दोन्ही बाजूंना पाण्याची दोन टाकी दिली, असं त्यात कोरलेलं आहे. दानाच्या यादीत पाण्याची टाकी मानानं नोंदवलेली आहेत. ज्या डोंगरावर शेकडो वर्षांपूर्वी कुणा वाटसरूला पाणी मिळावं म्हणून कातळ खोदला गेला, त्याच डोंगराखाली १९२७ साली माणसांना पाण्यासाठी मार खावा लागला. या दोन गोष्टी एकाच दिवशी बघाव्यात, म्हणूनच सकाळी तळं आणि दुपारी लेणी असा क्रम मी सुचवतो.

लेण्यांच्या ओट्यावर बसलं की खाली सावित्री-गांधारीचा परिसर पसरलेला दिसतो. पिण्याचं पाणी खालूनच घेऊन जा. विजेरी न्या, आतल्या खोल्यांत अंधार असतो. भिंतींवर नावं कोरू नका आणि कुणी कोरताना दिसलं तर हटका. अंधार पडायच्या आत उतरा.

दुसरा दिवस : रायगड की पोलादपूर?

दोन्ही एका दिवसात कोंबू नका. आवडीप्रमाणे एक निवडा.

रायगड निवडलात तर पहाटे निघा. महाडहून गड पंचवीसेक किलोमीटरवर आहे. वाटेत नाते गाव लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये इथं झाला. पुढं पाचाड. इथं जिजाऊसाहेबांची समाधी आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि जिजाऊंचं निधन १७ जून १६७४ चं. लेकाचा सोहळा बघून अकरा दिवसांनी ही माउली गेली, हे समाधीपाशी उभं राहून आठवलं की मन भरून येतं. पाचाडच्या वाड्यात तक्क्याची विहीर आहे. काठावर दगडाचा तक्क्या कोरलेला आहे. महाराज इथं टेकून पाण्याला येणाऱ्या बायाबापड्यांशी बोलत, असं गावकरी सांगतात.

गडावर जायला चित्त दरवाजाकडून पायऱ्यांची वाट आहे. चढायला दीड-दोन तास धरा. ज्येष्ठांसाठी आणि लहानग्यांसाठी हिरकणीवाडीतून रोपवे आहे. सुट्टीच्या दिवशी त्याला लांब रांग लागते. वर बाजारपेठ, राजसदर, जगदीश्वराचं मंदिर आणि महाराजांची समाधी बघालच. गंगासागर तलाव आणि हत्ती तलावापाशीही थोडं थांबा. एवढ्या उंचीवर राजधानी वसवायची तर आधी पाणी अडवावं लागतं, हे तिथं कळतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात रायगड आहे. गडावर माहितगार वाटाड्या घ्या. त्याचं पोट त्यावर चालतं आणि तुमचा गड दुप्पट बोलका होतो.

पोलादपूर निवडलात तर महाडहून दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. महाराजांच्या सांगण्यावरून ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य त्यांनीच रचलं. महामार्गाच्या इतक्या जवळ असूनही या समाधीपाशी थांबणारे थोडेच. तिथून उमरठला जा. सुभेदार तानाजी मालुसरे यांचं हे गाव. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर ते पडले. त्यांचा देह मढे घाटातून इथं आणला, असं परंपरा सांगते. समाधी आणि स्मारक आहे, भोवती झाडांची दाट सावली आहे. माघ वद्य नवमीला इथं पुण्यतिथी असते. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली तर तुम्ही बाजू द्या.

उरलेल्या वेळात आंबेनळी घाटानं प्रतापगडाकडं चढता येतं. डावी-उजवीकडं जावळीचं खोरं. १६५६ मध्ये महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. पुस्तकात वाचलेली ती लढाई या दऱ्या बघितल्याशिवाय नीट उमगत नाही.

तिसरा दिवस हाताशी असेल तर शिवथरघळ बघा. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ जिथं सांगितला ती ही घळ. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. महाडजवळ सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत, तेही वेळेप्रमाणे जमतील.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी हे वाचाच

पावसाळ्यात हा मुलूख फार देखणा दिसतो आणि तेवढाच धोक्याचा होतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर धो धो पाऊस पडला की ते पाणी सावित्रीतून खाली येतं. त्याच वेळी खाडीला मोठी भरती असली तर पाण्याला पुढं जायला वाट मिळत नाही आणि ते महाडच्या बाजारात शिरतं. महाडात लख्ख उघडीप असली तरी वर काय चाललं आहे याचा भरवसा नसतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून तीस जण दगावले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. म्हणून चार नियम पाळा. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढं ढकला. घाट रात्री चढू-उतरू नका. धबधब्याखाली आणि नदीच्या पात्रात उतरू नका. वरून लोंढा येताना खाली कळत नाही. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका, कितीही उशीर झाला तरी.

आणि तळियेला ‘बघायला’ जाऊ नका. ते दुःखाचं गाव आहे, तिथली माणसं अजून आपल्या माणसांना आठवत जगत आहेत.

राहणं आणि जेवण

राहण्यासाठी महाड शहर आणि महामार्गालगत साध्यापासून बऱ्यापैकी सोयीच्या खोल्यांपर्यंत लॉज मिळतात. पाचाड आणि रायगडवाडीत घरगुती सोय होते. तिथं राहिलात तर आदल्या संध्याकाळी जेवणाचं सांगून ठेवा, म्हणजे तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी ताटात गरम येते. मासे खाणाऱ्यांनी सुकट किंवा जवळा मागून बघावा. गल्लीच्या नावाचा अर्थ जिभेला कळेल. डोंगराकडच्या घरात नाचणीची भाकरी मिळाली तर सोडू नका. परतताना गावातल्या बाईकडून तांदूळ, कुळीथ, कोकम घ्या आणि घासाघीस करू नका.

सोबत काय हवं, याची यादी लहान आहे : घट्ट पकडीचे बूट, टोपी, विजेरी, सुट्टे पैसे आणि प्रत्येकी दोन लीटर पाणी. डोंगरात फोनची रेंज जाते, म्हणून लॉजचा आणि गाडीवाल्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

दोन दिवसांनी घरी परताल तेव्हा पुन्हा नळ सोडाल, तांब्या भराल. त्या वेळी मुलांना एकदा विचारा, महाडात काय बघितलं? गडाच्या आधी त्यांच्या तोंडी तळ्याचं नाव आलं तर सहल सार्थकी लागली असं समजा. पुढच्या वेळी महामार्गावरून जाल तेव्हा चहा पिऊन निघू नका. तळं तिथून फार लांब नाही. जाऊन पायरीवर बसा, मग पुढं निघा.